त्रिविक्रमातला बदली

साहेबांनी ‘त्रिविक्रम’ हा शब्द काढला तेव्हा आमच्या साळखात्यातल्या, म्हणजे मागांच्या खात्यातल्या, निम्म्या लोकांना वाटलं, चादरीचा नवा नमुना आला. उरलेल्यांना वाटलं, नवा जॉबर आला. दोन्हींतलं काहीही आलं असतं तरी चाललं असतं. आली ती स्पर्धा.

साहेब म्हणजे गिरणीचे कामगार कल्याण अधिकारी. पुण्याहून नवीनच आलेले, वय तिशीचं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बंगल्यापासून गिरणीच्या फाटकापर्यंत दोनशे पावलं असतील. तेवढी ते जीपनं यायचे. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं की दूर समुद्रातल्या एका बेटावर माणसं एकाच दिवसात आधी पोहतात, मग सायकल मारतात आणि मग पळतात, आणि हे सगळं कुणी मागे लागलेलं नसताना. साहेबांना ते फार प्रेरणादायी वाटलं. प्रेरणा त्यांना झाली, पाय आमचे होते.

हिप्परग्याच्या तळ्यात मैलभर पोहायचं. तिथून सायकलनं तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत तळ्यावर यायचं. मग पळत सुटायचं ते शहर ओलांडून होटगी रस्त्यावर सहाव्या मैलापर्यंत, आणि माघारी गिरणीच्या मैदानावर. पंख्याखाली बसून नकाशावर पट्टीनं रेघा मारल्या की असलेच रस्ते निघतात. वामनाची तीन पावलं म्हणून त्रिविक्रम, असं साहेबांनी सभेत समजावून सांगितलं. तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर पडलं होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

सभेच्या शेवटी ते म्हणाले, “जो बदली कामगार ही स्पर्धा पुरी करील, त्याला कायम करण्याचा मी स्वतः विचार करीन.”

‘विचार’ या शब्दावर मागच्या बाकांवर हसू फुटलं. गिरणीत विचार बरेच चालायचे, कॅन्टीनच्या छपराचा तर मी आल्यापासून चालला होता. मी हसलो नाही. मला त्या वाक्यातला ‘कायम’ एवढाच शब्द ऐकू आला होता.

बदली म्हणजे काय ते सांगायला हवं. गिरणीत ज्याचं नाव हजेरीपटावर तो कायम. तो आजारी पडला, लग्नाला गेला, नुसता कंटाळला, तर त्या दिवशी त्याच्या मागावर जो उभा राहतो तो बदली. आम्ही सकाळी भोंग्याआधी फाटकाशी रांग धरायचो आणि कोण आला नाही याची वाट बघायचो. दुसऱ्याचा ताप हा आमचा सण. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यायचा, रांगेवरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा. दाखवलं तर आत, नाही तर घरी. आत गेल्यावर आम्हाला नाव नसायचं. ज्या मागावर उभा, त्या मागाच्या धन्याचा तिकीट नंबर हेच नाव.

माझ्या बाबतीत या शब्दानं दोनदा डाव साधला. मी मूळचा खाडीकाठचा, कोकणातला. सहावीत शाळा सुटली. सुटली कसली, वडील होडीसकट गेले आणि मी शाळेतून उठून जाळी विणायला बसलो. मामा रेल्वेत पॉइंट्समन, होटगी जंक्शनला. आईनं मला त्याच्याकडे पाठवलं, मामानं गिरणीत चिकटवून दिलं, आणि सहा महिन्यांत मामाची बदली झाली वाडी जंक्शनला. तो गेला, मी राहिलो. त्याची बदली झाली आणि मी बदली झालो. आईचं दर महिन्याला कार्ड यायचं, गावच्या पोस्टमास्तरच्या हातचं. त्यात शेवटची ओळ ठरलेली: कायम झालास का. तीन वर्षं मी उत्तरात पाऊसपाण्याची चौकशी करत होतो.

राहायला आणि जेवायला मी एका विणकराच्या घरी होतो. त्यांची मायबोली तेलुगू. मी त्यांना अण्णा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. अण्णा साळखात्यातच कायम होते, तिकीट नंबर आठशे बारा. कायम असल्यामुळे ते कामावर क्वचित जायचे. कुणाचं बारसं, कुणाचं बारावं, कंबर, दाढ, काहीही त्यांना पुरायचं. त्यांच्या दांड्या माझ्या पथ्यावर पडत. त्यांच्या मागावर उभं राहून मिळवलेल्या पगारातूनच मी त्यांच्या घरी खाणावळ द्यायचो. त्यामुळे त्यांच्याबद्दल मनात जे काही यायचं ते मी मनातच ठेवायचो. अक्कांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाताना तर फारच आत ठेवायचो. परक्या मुलुखात ताट समोर येणं याची किंमत मला ठाऊक होती.

अण्णांना स्पर्धेचं काही वाटलं नाही. म्हणाले, “पोहण्यात काय मोठं? पाण्यात पडलं की म्हैस पण पोहते की. मी तरणा होतो तवा पडक्या विहिरीत तीन-तीन तास उतरायचो नाही का?” अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पीठ चाळू लागल्या. न्हाणीत पाय घसरेल म्हणून अंघोळ बाहेर बादलीशी बसून करणारा माणूस होता तो.

पोहण्याची मला चिंता नव्हती. खाडीच्या पोराला पाणी म्हणजे अंगण. सायकल अण्णांची मिळणार होती. पळायचा मात्र सराव हवा होता, म्हणून पाळी सुटली की मी होटगी रस्ता धरायचो. एका दुकानदारानं ‘फॉरेनचे’ म्हणून दिलेले कापडी बूट घालून मी खडीवरून धावायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात डाव्या टाचेमागची शीर चावली. आधी नुसती चावली. मी शहाणा, मला वाटलं पळून पळून मोकळी होईल. चौथ्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठताना पाऊल टेकवेना.

तिथून पुढे सोलापुरातल्या यच्चयावत शहाण्यांनी माझ्या टाचेचा ताबा घेतला. गिरणीच्या दवाखान्यात दोनच औषधं होती: पोटाला लाल पाणी, बाकी सगळ्याला पांढरी गोळी. टाच पोटात येत नाही म्हणून मला गोळी मिळाली. तालमीतल्या वस्तादांनी टाच दाबून पाहिली, मी ओरडलो, तेव्हा ते म्हणाले, हे दुखणं शिरेत नाही, मनात आहे. शंभर बैठका वाढव. वाढवल्या. दुखणं मनातून गुडघ्यात आलं. एका हाडवैद्यानं आंबेहळदीचा लेप लावून पट्टा असा आवळला की बोटं जांभळी पडली, आणि रंग बदलला म्हणजे गुण येतोय असं तोच म्हणाला. प्रत्येक जण मी बरा होईन याची खात्री देत होता आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता. तेवढं एक त्यांचं बरोबर होतं.

खरी भीती स्पर्धेची नव्हती, फाटकाची होती. जॉबर बोट दाखवण्याआधी आमच्या पायांकडे बघायचा. माग चालवणं म्हणजे दिवसभर उभं राहणं. लंगडा बदली कोण घेणार? म्हणून मी रांगेत वजन उजव्या पायावर टाकून उभा राहायचो आणि बोट झालं की फाटकापासून खात्यापर्यंतची शंभर पावलं दात दाबून सरळ टाकायचो. सगळ्या सरावात अवघड सराव तोच. आत शिरलो की मागाच्या आड लंगडायला मोकळा. कायम व्हायचं म्हणून पळायला लागलो होतो, आणि पळाल्यामुळे होती ती बदलीसुद्धा जायची वेळ आली होती.

त्याच दिवसांत नावं नोंदवायला कारकून खात्यात आला. साळखात्यात शेकडो मागांवर धोटे एकदम धावत असतात. तिथे कानाशी ओरडलेलंही कळत नाही. आमचं बोलणं हातांनी चाले. अण्णा त्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते, म्हणून मी त्यांच्या मागावर होतो. कारकुनानं वही पुढे धरली, भुवया उडवून विचारलं: पळणार? मी मान हलवली. त्यानं बोटांची चाळवाचाळव केली: नंबर? मी आठ बोटं दाखवली, मग एक, मग दोन. रोज दाखवायचो तसंच. त्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या मागाकडे गेला. मीही तुटलेला धागा जोडायला वाकलो. आपण काय करून बसलो हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. बदलीला स्वतःचा नंबर नसतो, आणि नंबर विचारल्यावर बदलीच्या बोटांना दुसरं काही येत नाही.

स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना मी होटगी रस्त्यावर एका बाभळीखाली टाच धरून बसलो होतो. शेजारच्या रानात एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं बसवलेली होती. तो काठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग जवळ आला.

“कुनाच्या म्हागं लागलाईस रं?”

मी म्हटलं, कुणाच्या नाही, शर्यत आहे.

“शर्यत हाय तर बसलाईस कशापाई? आन् बसायचं हाय तर पळतुयास कशापाई?”

इतका साधा प्रश्न मला डॉक्टरनं, वस्तादानं, हाडवैद्यानं, कुणीच विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. आईच्या कार्डापर्यंत सांगितलं. परक्या माणसाजवळ माणूस जास्त बोलतो. त्यानं माझी टाच चाचपली. दाबली नाही, नुसतं बोट फिरवलं आणि जिथे शीर गाठीसारखी जाड झाली होती तिथे थांबला.

“ही वढली गेलीया. हिला ढिली सोडाया पायजे. पळू नगंस आता.”

“मग स्पर्धा?”

“त्या दिशी पळ की. येक दीस ती बी वढंल. रोज रोज न्हाय वढायची.”

मग त्यानं जुन्या घोंगडीचा एक तुकडा आणला, दोन बोटं जाड घडी केली आणि माझ्या बुटात टाचेखाली सरकवली. दुसरी घडी उजव्या बुटात. मी म्हटलं, दुखतो डावा. तो म्हणाला, एकच उंच केलास तर कंबर वाकडी होईल, मग लंगड्या मेंढरासारखा चालशील. उभा राहिलो तर टाच वर उचलली गेलेली, आणि शीर पहिल्यांदा गप्प होती.

त्याच्या कळपात एक मेंढी लंगडत होती. मला वाटलं होतं ती मागे रेंगाळत असेल; ती सगळ्यांच्या पुढे होती. मी विचारलं. तो म्हणाला, “लंगडं म्हागं ठिवलं की गाठाया बगतं, आन् गाठता गाठता मरतं. म्हनून त्येला फुडं घालायचं. समदा कळप त्येच्या चालीनं.”

मी म्हटलं, माझ्याजवळ कुठला कळप?

“दोन हात हायती, येक धडका पाय हाय, दम हाय. समदं त्या लंगड्याच्या म्हागं ठिव. त्येला कुनी ढकलू नगा म्हनावं.”

त्यानं पैसे घेतले नाहीत, तंबाखूही घेतली नाही. माझ्याजवळची बिडी बघून म्हणाला, ही ओढतोस म्हणून शहरातल्यांचा दम जातो. दुसऱ्या दिवशी मेंढरं तिथून उठली होती. ज्या एकाचं ऐकायचं होतं त्याचं घर कुठं तेही विचारायचं सुचलं नाही मला.

तीन आठवडे मी पळालो नाही. तळ्यावर जाऊन पोहलो आणि अण्णांची सायकल बोटांऐवजी पावलाच्या मध्यानं मारायची सवय केली, म्हणजे टाचेला झटका बसत नाही. वस्ताद भेटले की म्हणायचे, भ्यालास. अण्णा येईल त्याला सांगायचे, आमचा कोकण्या आराम करून शर्यत जिंकणार आहे. आराम हा त्यांचा प्रांत, तरी त्यांना माझा खुपत होता.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठल्यावर एका रविवारी स्पर्धा झाली. सकाळी तळ्यावर थंडीनं दात वाजत होते. छातीला नंबरांची फडकी बांधली. माझ्या फडक्यावर आठशे बारा होतं. ते मी पाहिलं आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. तालमीचे पाच गडी ओळीनं उभे राहिले. बैठका त्यांनी मोजता येणार नाहीत इतक्या काढल्या होत्या. पोहणं कुणालाच येत नव्हतं. त्यांनी पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधले. शिट्टी झाली, ते पाण्यात पडले आणि डब्यांसह तरंगत जागच्या जागी फिरू लागले. साहेब जीपवरच्या कर्ण्यातून ओरडत होते, पुढे चला, पुढे चला. गोडं पाणी खाडीच्या पाण्यासारखं उचलून धरत नाही, पण बुडवतही नाही. मी पहिला बाहेर आलो.

सायकलवर बरेच जण माझ्या पुढे गेले. मी पायडल पावलाच्या मध्यानं मारत होतो; बघणाऱ्याला ते दूधवाल्यासारखं दिसत असणार. घाटाच्या पायथ्याशी कारकुनानं फडक्यावर शिक्का मारला. परतीच्या वाटेवर पुढे गेलेल्यांतले निम्मे बांधावर पाय पसरून बसलेले दिसले. एकानं मला हाक मारून पाणी मागितलं. मी थांबलो नाही. त्याबद्दल मला अजून थोडं वाईट वाटतं, फार नाही.

दुपारी तळ्यावरून पळायला निघालो. लंगडं पुढे घातलं. डावा पाय जेवढं म्हणेल तेवढंच. छातीत दम शिल्लक असूनही त्याला मागे ठेवला. हे सोपं नव्हतं. लोक ओलांडून जातात, पोरं टाळ्या वाजवून म्हणतात, आजोबा चालले, आणि अंगातला सगळा कळप म्हणतो, ढकल त्याला. शहरातून जाताना पानपट्टीवरचे लोक उठून बघायचे आणि कसली मिरवणूक नाही हे कळल्यावर पुन्हा बसायचे. होटगी रस्त्याला ऊन मागून आलं. सहाव्या मैलाला, त्या बाभळीपाशी, शीर बोलली. मी चालू लागलो. शंभर पावलं चाल, शंभर पळ. शंभर पावलांचा मला चांगला सराव होता. फाटकापासून खात्यापर्यंत रोज तेच केलं होतं.

दिवस कलताना गिरणीच्या मैदानावर पोहोचलो. चौथा आलो. स्पर्धा पुरी केलेले आम्ही सहाच. कारकुनानं फडक्यावरचा नंबर वहीत उतरवला. मी फडकं सोडलं, मैदानाच्या कडेला लिंबाखाली पडलो आणि पाय पाण्याच्या बादलीत घातला. मनात आईचं कार्ड लिहून झालं होतं.

बक्षीस समारंभ सुरू झाल्याचं कर्ण्यावरून कळत होतं. पहिला, दुसरा, तिसरा झाला. मग साहेबांचा आवाज आला, तिकीट नंबर आठशे बारा, आणि पाठोपाठ अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी उठायला गेलो तर दोन्ही पायांत गोळे आले. लिंबाखालून मंच दिसत होता. अण्णा गर्दीत भज्यांचा कागद घेऊन उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या, पुढे ढकललं. किंवा ढकललं असं ते नंतर सांगत. ते मंचावर चढले. साहेबांनी त्यांना हार घातला, प्रमाणपत्र दिलं आणि कर्णा तोंडाशी धरला. म्हणाले, “पाहा मंडळी, एवढं अंतर तोडून आलेला हा गडी किती ताजातवाना आहे. श्वाससुद्धा चढलेला नाही. याला म्हणतात सराव.”

टाळ्या पडल्या. अण्णांनी हात जोडले. भज्यांचा तेलकट कागद त्यांच्या मुठीत तसाच होता.

त्या संध्याकाळी घरी जेवायला बसलो. अण्णांच्या गळ्यात हार, माझ्या पायाला ओलं फडकं. अक्का रोज पहिलं ताट अण्णांना वाढायच्या. त्या दिवशी त्यांनी पहिलं ताट माझ्यासमोर ठेवलं. अण्णांनी पाहिलं आणि छपराकडे बघत बसले. मी जेवलो. भांडायला हवं होतं, पण मी त्यांच्याच छपराखाली होतो. आणि नंबर त्यांनी चोरला नव्हता, मीच बोटांनी दिला होता.

दुसऱ्या दिवशी कारकुनाकडे गेलो. त्यानं वही उघडली.

“नंबर कुणी सांगितला?”

“मीच.”

“मग? आठशे बारा आधीच कायम आहे. कायमाला परत कायम कसं करणार? तुझा नंबर काय?”

मला नंबर नाही, म्हणूनच तर पळालो, हे मी सांगितलं. तो म्हणाला, नंबर नाही म्हणजे पळालाच नाहीस. त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. साहेबांकडे जायची माझी छाती नव्हती. ज्यानं हजार माणसांसमोर अण्णांच्या सरावाचं कौतुक केलं त्याला तुम्ही भजी खाणाऱ्याला हार घातलात असं सहावीतून उठलेल्या बदलीनं सांगायचं? उद्या जॉबरचं बोट माझ्यावर आलंच नसतं. पुन्हा फाटकाशी रांग धरली. आता लंगडणं लपतही नव्हतं, आणि आठवडाभरात दोनदाच आत गेलो, कारण अण्णा दांडी मारीनासे झाले होते.

मारतील कसे? ते त्रिविक्रम होते; पहिल्या तिघांना सोडून साहेबांनी न दमलेल्या गड्यालाच तो मान दिला होता. पाळी सुरू व्हायच्या आधी साहेब त्यांना फाटकाशी उभं करून इतरांना कवायत शिकवायला लावत. हात वर, हात खाली. त्यांच्या कमरेला, दाढेला, नातेवाइकांच्या बारशांना कुणी दाद देईना. गुढीपाडव्याला मुंबईहून संचालक येणार होते. साहेबांनी ठरवलं, गिरणीच्या मोठ्या हौदात त्रिविक्रम पोहून दाखवतील. बॉयलरला पाणी पुरवणारा तो हौद, दोन पुरुष खोल.

अण्णांची भूक मेली. चार दिवस ते अंघोळीच्या बादलीसमोर बसून पाण्याकडे बघत होते. पाचव्या दिवशी अक्का तेलुगूत जे बोलल्या ते एव्हाना मला कळायला लागलं होतं. म्हणाल्या, “बुडा, नाहीतर खरं सांगा. दोन्हीतलं कायपण करा, पण बादलीपुढे बसून रडू नका.”

अण्णा मला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं काही प्रस्तावना करतील. ते टेबलापर्यंत गेले आणि बोलले.

“साहेब, मी पळालो नाही. मी त्या टायमाला भजी खात होतो.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, “मग हार का घातलास?”

“तुमीच घातला की.”

साहेबांनी दार लावून घेतलं. हे अजून कुणाला ठाऊक आहे, एवढंच विचारलं. अण्णांचा हारासकट फोटो संचालकांकडे गेला होता, अहवालही गेला होता, आणि अहवालात अण्णांच्या श्वासावर एक परिच्छेद होता. मी पळालो ते कसं, किती दुखलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. मला नंबर हवा होता. चार दिवसांत हौदाचा कार्यक्रम पाण्याच्या टंचाईमुळे रद्द झाल्याचा कागद फाटकावर लागला, आणि त्याच आठवड्यात मी कायम झालो. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: नियमित हजेरी.

आईला कार्ड टाकलं. तीन शब्द लिहिले, बाकी जागा कोरी सोडली. पोस्टमास्तरच्या हातचं उत्तर आलं की आता पाऊसपाण्याचं काय ते कळव.

गेली इतकी वर्षं मी अण्णांचा उपकार मानत आलो आहे आणि त्यांची किंमतही कधी केली नाही. दोन्ही एकदम जमतं. शूर माणूस असता तर त्यानं गप्प राहून हौदात उडी मारली असती, आणि मी रांगेतच म्हातारा झालो असतो. मला कायम केलं ते त्यांच्या पाण्याच्या भीतीनं. त्या म्हाताऱ्यानं दिलेली घोंगडीची घडी माझ्या बुटात अजून असते. झिजली की नवी करतो. थंडीत टाच बोलते.

प्रमाणपत्र मात्र अण्णांच्याच भिंतीवर राहिलं. नाव शाईनं लिहिलेलं, खोडणार कोण, आणि चौकटही त्यांनी करून घेतली होती. मी त्या घरी पुढे आणखी सहा वर्षं जेवलो. पाहुणे आले की त्यांची नजर चौकटीवर जायची आणि अण्णा शर्यतीची गोष्ट सुरू करायचे. तळं झालं, घाट झाला, शहर झालं. होटगी रस्त्याशी आले की अडायचे, कारण तिथपर्यंत ते कधी पायी गेलेच नव्हते. मग मान वळवून मला विचारायचे, “कोकण्या, त्या सहाव्या मैलाला काय होतं रे?”

अक्का चुलीपाशी हात थांबवून माझ्याकडे बघायच्या.

“बाभळ होती, अण्णा,” मी म्हणायचो. “आणि मेंढरं.”

“हां, मेंढरं,” अण्णा पाहुण्यांना सांगायचे. “लई मेंढरं होती. त्यातनं वाट काढत मी पळालो.”